आत्याचा डावा गुडघा आणि गंगाखेडच्या पलीकडची साक्ष

मार्थाआत्या फोनवर आधी माझ्या गाडीची तब्येत विचारते आणि मग माझी. या वेळी सर्व्हिसिंग झालं का, टायर कसे आहेत, एसी चालतो का, असं सगळं साग्रसंगीत विचारून झालं, तेव्हाच मी बायकोला खुणेनं सांगितलं की हे लांबचं प्रकरण दिसतंय. तसंच निघालं. परभणी जिल्हा, गंगाखेडच्या पुढे, राणीसावरगावच्या अलीकडे फाट्यावरून आत एक गाव. तिथल्या मंडळीनं, म्हणजे चर्चच्या लोकांनी, आत्याला साक्षीला बोलावलं होतं आणि मला, अर्थातच, ड्रायव्हर म्हणून गृहीत धरलं होतं.

वाचकांपैकी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही साक्ष कोर्टातली नव्हे. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायची पद्धत आहे. कुणाची दारू सुटलेली असते, कुणाचा रुसून गेलेला मुलगा परत आलेला असतो. माझ्या आत्याची साक्ष गुडघ्याची आहे. ती नर्स होती. आयुष्यभर वॉर्डात उभं राहून डावा गुडघा गेला, ऑपरेशन ठरलं, आणि त्याआधीच एका उपास-प्रार्थनेत गुडघ्यातून काहीतरी गरम गरम उतरल्यासारखं झालं आणि बाई उठून चालायला लागल्या. ही साक्ष मी इतक्यांदा ऐकलीय की मध्ये तिला ठसका लागला तर पुढचं वाक्य मी म्हणू शकेन. शेवटी ती पदर खोचते आणि सगळ्यांसमोर उठाबशा काढून दाखवते. त्या उठाबशांसाठी नगरपासून जालन्यापर्यंतच्या मंडळ्या तिला बोलावतात.

मी स्वतः नाताळ-ईस्टरचा ख्रिस्ती. प्रार्थना लांबली की हळूच डोळे उघडून पंखा बघत बसणारा. पण रस्ता आणि खाणं या दोन गोष्टींसाठी मी कुठेही जायला तयार असतो, म्हणून हो म्हणालो. रस्ता विचारायला तिथल्या पाळकांना फोन लावला. पाळक म्हणजे आमचे चर्चचे धर्मगुरू. आवाजावरून तरुण वाटले, उत्साह तर फोनमधून सांडत होता.

"सलाम भाऊ. आत्याबाईंचा गुडघा उजवा का डावा हो?"

"डावा. का बरं?"

"न्हाई, लोकं इचारायलेत."

मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

शनिवारी सकाळी छत्रपती संभाजीनगरातून आत्याला घेतलं. एरवी मी हॉर्न वाजवायच्या आधी ती फाटकाबाहेर उभी असते आणि "उशीर केलास" म्हणते. या वेळी व्हरांड्यात खुर्चीवर बसून होती आणि काहीच म्हणाली नाही. सामानात एक घडीचं स्टूल होतं. हे कशाला, म्हटलं, तर म्हणाली तुझ्यासाठी, तुझी कंबर धरते ना. माझ्या कंबरेला आजवर काहीही झालेलं नाही. पण आत्यानं एकदा निदान केलं की आमच्या घरात कुणी दुसरं मत घेत नाही.

रस्त्याबद्दल सांगायचं तर जालन्यापर्यंत डोळे झाकून या, म्हणजे झाकू नका, पण काळजीही करू नका. जालन्यानंतर मंठ्याकडे निघालं की दोन्ही बाजूंना ज्वारी लागते. हे जानेवारीत जाणाऱ्यांसाठी. ज्वारी पोटऱ्यातून बाहेर पडून दाण्यावर आलेली, तुरी काढणीला, हरभरा घाट्यावर. उन्हाळ्यात याच रस्त्यानं गेलात तर मला शिव्या द्याल. मंठ्याच्या चौकात चहा घेतला. दहा रुपयांत इतका गोड चहा मिळतो की दिवसभराचा साखरेचा कोटा तिथंच संपतो.

जिंतूरच्या अलीकडे चारठाण्याला गाडी वळवली. जुनी दगडी देवळं बघायची मला हौस आहे, आणि आत्याला तर माझ्याहून जास्त. ख्रिस्ती असली तरी देऊळ, दर्गा, बारव, काहीही दिसलं की ही बाई आत शिरून दगडावर हात फिरवून येणार आणि बांधणाऱ्याला शाबासकी देणार. चारठाण्याचं कोरीवकाम तर असं की माणसानं तासभर मान वर करून उभं राहावं. पण आत्या म्हणाली, तू बघून ये, मी इथनंच बघते. काच खाली करून गाडीतच बसून राहिली. देवळाच्या ओट्यावर बसलेल्या एका आजोबांना हे अजिबात पटलं नाही. पाहुणी वेशीपर्यंत येऊन आत येत नाही म्हणजे काय, म्हणून ते स्वतःच गाडीपाशी गेले आणि खिडकीत वाकून त्यांनी तिला सगळ्या देवळांची माहिती दिली. त्यातली निम्मी त्यांनी तिथल्या तिथं रचली असावी, पण ऐकायला झकास होती. आत्या मान डोलवत होती आणि एक हात सारखा गुडघ्यावर फिरवत होती.

जिंतूरला जेवलो. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि असा ठेचा की दोन घास खाल्ल्यावर मला माझं लहानपण आठवलं. धाब्यावर खाटा होत्या. आत्यानं खाट नाकारून खुर्ची मागितली. खुर्ची नव्हती. मग तिनं मला गाडीतून ते माझ्या कंबरेचं स्टूल आणायला सांगितलं आणि त्यावर स्वतः बसली. मी पुढची भाकरी मोडली, ती गरम होती.

संध्याकाळी परभणीत बसस्टँडजवळच्या लॉजवर उतरलो. खोल्या स्वच्छ, दर माफक, बाथरूममधला गरम पाण्याचा नळ फक्त शोभेचा. गल्ल्यावर बसलेले गृहस्थ इतके अदबीनं बोलत होते की तक्रार करायची लाज वाटावी. लिफ्ट तशरीफ घेऊन गेली होती, म्हणजे बंद होती, आणि आमची खोली पहिल्या मजल्यावर. आत्या जिना चढायला लागली. प्रत्येक पायरीवर उजवा पाय वर, मग कठड्याला धरून डावा त्याच्या शेजारी, मग जरा थांबायचं. मी मागे बॅगा घेऊन उभा. वॉर्डात तिनं शेकडो पेशंटांना हेच शिकवलं असणार, चढताना बरा पाय आधी.

"आत्या, गुडघा," मी म्हणालो.

"कुठला?" ती म्हणाली.

खोलीत गेल्यावर ती पलंगावर बसली, आणि बॅगेतून बामाची बाटली आणि गुडघ्याला बांधायचा पट्टा काढला. लपवण्यात आता अर्थ नव्हता. दिवाळीपासून दुखतोय म्हणाली. आधी थोडा, मग बराच, आता रात्री कूस बदलताना डोळ्यांत पाणी येतं. मी चिडलो. मला खरंच राग आला. इतके महिने सांगितलं का नाहीस, म्हटलं.

"कुणाला सांगू? ज्यांना बरा झाला म्हणून सांगत फिरले त्यांना?"

मी म्हणालो, सोपं आहे, मी पाळकांना फोन करतो, आत्याला ताप आलाय म्हणून सांगतो, उद्या गोदावरी बघू आणि घरी जाऊ. तर माझ्यावरच उखडली. म्हणजे खोटं आजारपण सांगून खरं आजारपण लपवायचं, वा रे वा, असं म्हणाली. मग बामाचं झाकण उघडून गुडघा चोळत बसली.

"हे बघ विन्या," ती शेवटी म्हणाली, "उद्या मी दुखतोय म्हणाले, तर माझ्याकडे बघून प्रार्थना करणाऱ्या बायांनी काय करायचं? आणि दुखत नाही म्हणाले, तर मी देवासमोर उभी राहून खोटं बोलले. ऑपरेशन होऊ दे, न होऊ दे, पाय राहू दे नाहीतर जाऊ दे. पण मी इतकी वर्षं सांगितलं ते खरं होतं की नव्हतं, एवढं मला कळायला नको?"

पंखा बघणाऱ्या माणसाकडे असली उत्तरं नसतात. मी खाली जाऊन बिर्याणी घेऊन आलो. बिर्याणी उत्तम होती, आणि आत्यानं ती बोटं चाटून खाल्ली. दुःखानं भूक जाणं हा प्रकार आमच्या घराण्यात नाही.

रविवारी सकाळी ती तयार होऊन बसली होती, पांढरी साडी, इस्त्री केलेली, पट्टा आतून बांधलेला. काय ठरवलंस, विचारलं, तर म्हणाली काहीच नाही. गाडी काढ.

परभणी ते गंगाखेड रस्त्याबद्दल एकच सूचना, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे लागलात तर मनाची तयारी ठेवा. ओव्हरटेक करायची जागा मिळेपर्यंत तुमची दाढी वाढते. गंगाखेडला गोदावरी ओलांडली. पुलावर गाडी हळू केली, आत्यानं बाहेर बघितलं आणि नदीला म्हणाली, "तुझं बरं आहे बाई." पुढे रस्ता वर चढायला लागतो, काळी जमीन संपून माळ सुरू होतो, वारा गार होतो, आणि फोनमधला नकाशा आपली अक्कल चालवायला लागतो. त्या नकाशानं आम्हाला एका उसाच्या फडात नेऊन सोडलं. पुढे रस्ता नाही, मागे वळायला जागा नाही. बांधावर एक शेतकरी दात घासत उभा होता. त्याला गावाचं नाव सांगितलं.

"साक्षीला चाललाव व्हय?" तो म्हणाला. "आमची म्हातारी बी गेली की, गुडघे घेऊन."

"गुडघे घेऊन म्हणजे?"

"म्हंजे दोनीबी."

मी आत्याकडे बघितलं. आत्या समोरच्या उसाकडे बघत होती.

आता गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का ते कळेलच. वेशीवर एक फळा टांगला होता आणि त्यावर ठळक खडूनं लिहिलं होतं: गुडघेदुखीवाल्यांनी अवश्य यावे. खाली बाण. बाणानं दाखवलेल्या मैदानात मंडप होता, आणि मंडपात माणसं. कपाळाला कुंकू असलेल्या, नसलेल्या, नऊवारी, पाचवारी, बुरखा घातलेल्या दोघी, काठ्या, कुबड्या, एक आजोबा तर खाटेसकट आणलेले. पिंगळीहून रेल्वेनं परभणी आणि तिथून बसनं गंगाखेड, असं करत आलेल्या बायकांचा एक जथा होता. आणि दुखऱ्या गुडघ्याला खाली बसता येत नाही, म्हणून सगळे खुर्च्यांवर. मंडपवाला वैतागला होता. तो मला सांगत होता की तालुक्यातल्या सगळ्या खुर्च्या आणल्या, एवढ्या तर पाटलाच्या पोरीच्या लग्नालाही लागल्या नव्हत्या. धडधाकट माणसं खाली सतरंजीवर अंग चोरून बसली होती.

पाळक धावत आले. तिशीतला सडपातळ माणूस, पांढरा सदरा घामानं पाठीला चिकटलेला. त्यांनी आत्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सांगितलं की चर्चच्या आमंत्रणासोबत गावातही दवंडीसारखं सांगत गेलो, कारण देव काय फक्त ख्रिस्ती गुडघेच बरे करतो का? आत्या म्हणाली, नाही. तिचा चेहरा त्या साडीसारखाच पांढरा झाला होता.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "मला तुमच्याशी आधी बोलायचंय." पण तेवढ्यात हार्मोनियम सुरू झालं, ढोलकी वाजली, आणि ते "झाल्यावर बोलू, बाई" म्हणत पुढे पळाले.

व्यासपीठ म्हणून ट्रॅक्टरची ट्रॉली लावली होती. मागचा फाळका खाली पाडून, वर सतरंजी, टेबल, टेबलावर फुलदाणी. सगळं देखणं, फक्त वर चढायला पायऱ्या नव्हत्या. ज्या बाईचा गुडघा देवानं बरा केला तिला पायऱ्या कशाला, असं कुणालाच वाटलं नव्हतं. गाणी झाली, बायबलातलं वचन वाचून झालं, आणि पाळकांनी आत्याला वर बोलावलं. मी पळत जाऊन ते घडीचं स्टूल ट्रॉलीपाशी ठेवलं. माझ्या हातात स्टूल बघून कुणीतरी म्हणालं, पाहुण्याची कंबर धरली वाटतं. आत्यानं उजवा पाय स्टुलावर ठेवला, माझ्या खांद्यावर भार दिला, आणि डावा उचलताना तिच्या तोंडून "आई गं" निघालं. माईक तिच्या साडीला लावलेलाच होता. सगळ्या मंडपानं "आई गं" ऐकलं.

वर पोचल्यावर ती उभी राहिली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी आपापले पदर आवरले, उठाबशा बघायच्या तयारीनं.

आत्यानं साक्ष सांगितली, नेहमीचीच, वॉर्डापासून उपास-प्रार्थनेपर्यंत. ते गरम गरम उतरलेलं काहीतरी, तेही सांगितलं. आणि मग नेहमी पदर खोचते तिथं पदर खोचला नाही.

"तो गुडघा दिवाळीपासून परत दुखतोय," ती म्हणाली. "आत्ताही दुखतोय. तुम्ही ऐकलंच. तेव्हा बरा झाला होता, हे मी खोटं सांगितलं नाही. पण इतकी वर्षं मी गुडघ्याचीच साक्ष देत होते, ज्यानं बरा केला त्याची दिलीच नाही. पाय चालतो तोवर देव आहे, असं लोकांना वाटेल असंच सांगितलं. मलाही तसंच वाटत होतं. मला क्षमा करा. तुम्ही लांबून आलात आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नाही."

मी पाळकांकडे बघितलं. बिचारा. वेशीवरच्या फळ्याकडे नजर गेली होती त्यांची. तिथून धावत जाऊन तो फळा पुसता आला असता तर त्यांनी पुसला असता.

मग मधल्या रांगेतून एक ख्रिस्ती बंधू उठले. गंगाखेडचे होते, कडक इस्त्रीचे, मोटारसायकल मंडपाच्या अगदी तोंडाशी लावलेली. ते म्हणाले, रागानं नाही, पण ठासून, की बाई, खरा विश्वास असता तर दुखणं परत आलंच नसतं. तुमचा विश्वास कमी पडला.

आत्यानं मान खाली घातली. "असेल," ती म्हणाली. "मलाही रोज तसंच वाटतं."

तेव्हा पुढच्या रांगेतली एक म्हातारी काठी आपटत उभी राहिली. हिचं नाव काशीबाई. गावातल्या किराणा दुकानदाराची आई, लिंगायत, कपाळावर भस्माची आडवी बोटं, गळ्यात लिंग. उभी राहायलाच तिला बराच वेळ लागला, आणि तोवर सगळे थांबले, कारण सगळ्यांनाच गुडघे होते.

"ओ भाऊ," ती बंधूंकडे वळून म्हणाली, "त्या दुखत्या गुडघ्यानं संभाजीनगरहून आल्यात. तुमी बऱ्या गुडघ्यानं गंगाखेडहून फटफटीवर आलाव. मंग कमी कुनाचा पडला?"

मंडप हसला. खाटेवरचे आजोबासुद्धा हसले, आणि खाट करकरली. बंधूही आधी लाल झाले आणि मग, त्यांच्या मोठेपणाला दाद द्यायला हवी, स्वतःही हसले आणि खाली बसले. काशीबाई मात्र हसली नाही. ती आत्याकडे बघत होती.

"बाई, तुमचं ऐकलं," ती म्हणाली. "दुखतंय तरी आलाव, मंग तुमचं खरं असंल. पन आता आमच्या गुडघ्याचं काय करताव?"

काय सांगू तुम्हाला. हा प्रश्न ऐकला आणि आत्याची मान वर आली. साक्षीची मार्थाबाई गेली आणि वॉर्डाची मार्थासिस्टर आली. तिनं पदर खोचला. माझं स्टूल वर मागवलं, त्यावर बसली, आणि सगळ्यांना खुर्चीच्या पाठीला टेकून बसायला सांगितलं. मग म्हणाली, डावा पाय सरळ समोर उचला, पंजा स्वतःकडे ओढा, तसाच धरा, आता हळू खाली. आता उजवा. दणके मारायचे नाहीत आजोबा, हे काय कबड्डीचं मैदान आहे? बुरखेवाल्या दोघींना तिनं शाबासकी दिली. दुखणं वाढलं तर थांबायचं, सूज असेल तर डॉक्टरकडे जायचं, बामावर विसंबून राहायचं नाही, हे दरडावून सांगितलं. बामाचं सांगताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

मोजायला कंटाळा आला तेव्हा तिनं हार्मोनियमवाल्याला सांगितलं, एखादं भजन वाजव, हळू लयीतलं. आणि मग मी असं दृश्य पाहिलं की तेवढ्यासाठी तो उसाचा फड परत सहन करायला तयार आहे. शे-दोनशे माणसं खुर्च्यांवर बसून येशूच्या भजनावर एकेक पाय वर उचलतायत. ढोलकीच्या थापेला पाय वर, समेवर खाली. पाळकही उभ्या उभ्या एक पाय उचलत होते, त्यांना तर काहीच झालेलं नव्हतं. गंगाखेडचे बंधू सगळ्यांत उंच पाय उचलत होते.

शेवटी प्रार्थना. आत्या उतरून रांगेत गेली. प्रत्येकाला विचारायची, उजवा का डावा, आणि हात ठेवून बोलायची. काय बोलायची ते मला सगळं ऐकू येत नव्हतं. बरं होईल असं वचन मात्र ती कुणालाच देत नव्हती, एवढं मी नीट लक्ष देऊन ऐकलं. काशीबाईपाशी ती बराच वेळ होती. काशीबाईनंही आत्याच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला होता आणि तिचेही ओठ हलत होते. ती कुणाला सांगत होती ते विचारायची माझी छाती झाली नाही.

नंतर प्रीतिभोजन. म्हणजे मंडळीचं एकत्र जेवण. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. वांग्याची भाजी मी तीनदा घेतली, लिहायला लाज कसली. काशीबाई स्वतःच्या घरची भाकर फडक्यात बांधून आली होती, तिनं त्यातली अर्धी आत्याला दिली आणि म्हणाली, आमच्या घरची चालती ना? आत्यानं बुंदीबरोबर भाकरी खाल्ली. निघताना शेतातला हुरडा गाडीत आला, गूळ आला, शेंगा आल्या. पाळक निरोप द्यायला वेशीपर्यंत आले. फळ्यापाशी थांबून त्यांनी आत्याला विचारलं की बाई, हे पुसू का राहू देऊ? आत्या म्हणाली, राहू द्या, फक्त खाली लिहा, दुखला तरी यावे.

परतीला जिंतूरऐवजी मानवत, सेलूकडून आलो. जेवणासाठी थांबलोच नाही, पोटात जागा नव्हती. आत्या मागच्या सीटवर पाय पसरून बसली होती आणि माझ्या ब्रेक लावण्यावर टीका करत होती, तेव्हा समजलो की गाडी रुळावर आलीय.

तर तिकडे जायचं असेल त्यांनी हुरड्याच्या दिवसांत जा, चारठाण्याला उतरून बघा, जिंतूरचा ठेचा सांभाळून खा, आणि गंगाखेडच्या पुढे नकाशावर विश्वास ठेवू नका. गावाचं नाव विचारू नका. फळा अजून तिथंच आहे आणि खुर्च्या आधीच कमी पडतायत.

आत्याचं म्हणाल तर तिला आता दूरच्या मंडळ्यांची बोलावणी येत नाहीत, निदान पहिल्यासारखी नाहीत. उठाबशा नसलेल्या साक्षीला मागणी कमी असते. तिला याचं काही वाटत नाही असं ती म्हणते, आणि मला वाटतं की थोडं वाटतं. दर रविवारी दुपारी मात्र काशीबाईचा फोन येतो. दोघी आधी गुडघ्यांची विचारपूस करतात, कुणाचा जास्त दुखला यावरून थोडं भांडतात, व्यायाम केला का म्हणून एकमेकींना दटावतात, मग फोन ठेवतात. मला वाटायचं, हे काय बोलणं? आता रविवारी फोन आला नाही तर मीच आत्याला विचारतो.

गेल्या आठवड्यात आत्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली. आमचे पाळक घरी प्रार्थनेला आले. आम्ही सगळे हॉलमध्ये, आत्या आरामखुर्चीत, पाय माझ्या त्या कंबरेच्या स्टुलावर. पाळक म्हणाले, बाई, आज तुम्हीच प्रार्थना करा, तुमच्या गुडघ्यासाठी जे मागायचं ते मागा, आम्ही सोबत आहोत.

आत्यानं हात जोडले. मीही डोळे मिटले.

"प्रभू," ती म्हणाली, "काशीबाईचा गुडघा बघ. उजवा, बरं का. माझा डावा, त्याचं डॉक्टर बघतायत."

पंख्याकडे माझं लक्षच गेलं नाही. आमेन मी जरा मोठ्यानंच म्हणालो.